तारण आणि विसार

रविवारी उपासना संपली की आम्ही सोलापुरात दृढीकरणाचा वर्ग घेतो. प्रभुभोजनाला पहिल्यांदा बसण्याआधी पोरापोरींना आपला विश्वास नेमका कशावर आहे ते कळावं, एवढाच त्याचा हेतू. यंदा कृपेचा धडा काढला आणि नववीतल्या एका मुलानं हात वर केला. "बाई, नव्या पेठेतून येताना पाटी दिसते, 'सोनेतारण कर्ज'. आणि आपण म्हणतो, प्रभूनं आपलं तारण केलं. मग देवाकडे आपण काय ठेवलंय?"

बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण त्यानं नकळत दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं होतं. मराठीत तारण म्हणजे तारून नेणं, आणि तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तूसुद्धा. आमच्या लोकांत तोंडानं पहिला अर्थ सांगतात, पण मनात बहुतेकांच्या दुसराच चालू असतो. रविवार चुकवला नाही, दशांश दिला, उपवासकाळ पाळला, दारूला शिवलो नाही, म्हणजे पाटल्या-बांगड्या देवाच्या तिजोरीत जमा आहेत. हप्ता चुकला की मात्र पोटात गोळा. आजारपण आलं, पोरगा नापास झाला, की लगेच वाटतं, लिलावाची नोटीस आली.

ख्रिस्ती शिकवण याच्या बरोबर उलट आहे, आणि ती उलट आहे हे पचायला आयुष्य जातं. येशूचा प्रेषित पौल यानं इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की तुमचं तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे. ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कुणी बढाई मारू नये म्हणून. दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी ओवी. आमच्याकडे ती पाठ नसलेला माणूस सापडणार नाही. पाठ असणं आणि पटणं यात मात्र अंतर आहे.

मला स्वतःला कृपा कळली ती आजीच्या बिड्यांमुळे. आजीनं पूर्वभागातल्या एका खोलीत चाळीसएक वर्षं बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात तेंदूची कापलेली पानं, बोटाला दोरा. हजारावर मजुरी. संध्याकाळी माल घेऊन कारखान्यात जायचं, तिथं तपासणारा मूठ मूठ उचलून बघायचा. वळण सैल, तोंड नीट मोडलेलं नाही, लांबी कमी, की ती बिडी छाटीत. छाटीचे पैसे नाहीत. वळून वळून बोटं सुजलेली असली तरी दिवस वाया गेला की नाही, हे त्या दहा मिनिटांत ठरायचं.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हेच उदाहरण घेतो. जो काम करतो, त्याला मिळणारी मजुरी ही काही मेहेरबानी नसते, ती देणाऱ्यावरचं देणं असते. आजीनं हजार बिड्या दिल्या की कारखानदार तिचं देणं लागतो. तिथं कृपेचा प्रश्नच नाही. पौलाचा मुद्दा असा, की देव कुणाचंच देणं लागत नाही. म्हणून त्याच्याकडून जे मिळतं ते मजुरीच्या खात्यात बसतच नाही. ते दान असतं किंवा काहीच नसतं. आणि दान म्हटलं की तपासणीचं टेबलच उठतं.

येशूनं स्वतः हे गोष्टीतून सांगितलं, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर आणायला निघतो आणि एक दिनार रोज ठरवतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता जातो तर काही जण तसेच उभे. "आम्हाला कुणी कामावर लावलं नाही." त्यांनाही पाठवतो. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. आपल्या जिल्ह्यात द्राक्षबागेच्या छाटणीला गेलेल्या, किंवा सकाळी नाक्यावर उभं राहून कुणी नेतंय का याची वाट पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाच वाजेपर्यंत उभा राहिलेला माणूस आळशी नसतो, त्याला कुणी उचललेलं नसतं, आणि त्याच्याही घरी चूल असतेच. धनी हिशेबानं देत नाही, गरजेनं देतो. वर्गात मी विचारलं, तुम्ही कितीच्या गटातले? सगळ्यांनी पहाटेचा गट सांगितला. ते मला खटकलं. ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांना आपण पहाटेपासून कामावर आहोत असंच वाटतं.

इथं 'कर्म' या शब्दावर थांबायला हवं, कारण मराठी वाचकाची वाट इथंच चुकते. आपल्या कानांना कर्म म्हटलं की गेल्या जन्माचं गाठोडं, कपाळावर हात, 'माझं कर्म' असं सगळं ऐकू येतं. पौल त्याबद्दल बोलत नव्हता. त्याच्या पुढ्यात होती नियमशास्त्राची कर्मं: सुंता, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस, खाण्यापिण्याचे नियम. गलतियाच्या मंडळ्यांत काही शिक्षक येऊन यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांना सांगत होते, ख्रिस्त ठीक आहे, पण सुंता केल्याशिवाय तुम्ही पुरते देवाचे नाही. पौल संतापला. त्याचं सगळ्यात रागावलेलं पत्र तेच. गेल्या पन्नासएक वर्षांत अभ्यासकांत यावर मोठी चर्चा झाली आहे, की पौल फक्त या ओळखीच्या खुणांना नकार देत होता, की माणसाच्या सगळ्याच कमाईला. मला वाटतं सुरुवात खुणांपासून झाली, पण मजुरीचं उदाहरण घेतल्यावर तो पुढे गेला. आणि खुणांचा मुद्दाही आपल्यासाठी जुना नाही. कुणाचं घराणं मिशनच्या काळापासूनचं, कुणाचा बाप्तिस्मा बुडवून झाला आणि कुणाचा शिंपडून, यावरून माणूस आत की बाहेर ठरवणारे आजही भेटतात. गलतीकरांस पत्र त्यांच्यासाठीच आहे.

मग चांगलं वागायचं कशाला? हा प्रश्न पोरं विचारतात, मोठी माणसं मनात ठेवतात. बायबलमधल्याच आपल्या पत्रात याकोबानं तर सरळ लिहिलं, की शरीर आत्म्यावाचून निर्जीव तसा विश्वास क्रियांवाचून निर्जीव. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला हे इतकं बोचलं की 1522 च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यानं याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. बायबलमधून काढलं मात्र नाही.

पौल आणि याकोब दोन वेगळ्या माणसांशी बोलत आहेत, हे लक्षात आलं की गाठ बरीच सुटते. पौलासमोरचा माणूस म्हणतो, मी इतकं केलं, आता देवानं मला घ्यायलाच हवं. याकोबासमोरचा माणूस म्हणतो, माझा विश्वास आहे, आता कुणासाठी काही करायची गरज नाही. याकोबाचं उदाहरण बघा. भाऊ उघडा आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही त्याला म्हणता, "सुखानं जा, ऊब घे, पोटभर खा", आणि देत काहीच नाही. असल्या विश्वासाबद्दल तो म्हणतो, देव एकच आहे असं भुतंही मानतात आणि थरथर कापतात. अब्राहामाचं उदाहरण दोघंही घेतात. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो, ज्यानं नुसता विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला. याकोब बाविसाव्या अध्यायातला घेतो, जो इसहाकाला घेऊन डोंगर चढला. मधे कितीतरी वर्षं गेली आहेत. आधी नातं जुळलं, मग त्या नात्याचा कस लागला. इफिसकरांच्या त्याच ठिकाणी, आठव्या-नवव्या ओवीनंतर लगेच, दहावी ओवी आहे: आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. सत्कृत्यांनी नव्हे, सत्कृत्यांसाठी. आमच्याकडे नववीवर थांबायची सवय आहे, ती मोडायला हवी.

आपल्याच जिल्ह्यातली एक कथा मला यासाठी नेहमी आठवते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांना उघडून दिलं. बिदरहून पकडायला माणसं आली. पण दामाजी बिदरला पोचायच्या आधीच विठोबा महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची सगळी किंमत मोजली आणि भरपाईची पावती घेतली. दामाजींना कळलं तेव्हा देणं फिटलेलंच होतं. मग त्यांनी चाकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य विठ्ठलाला दिलं. पैसे फेडायला नव्हे, पैसे फिटले होते म्हणून. कृपा आणि सत्कृत्यांचा क्रम इतक्या नेमकेपणानं सांगणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. फरकही सांगायला हवा. दामाजींचा गुन्हा म्हणजे दयाच होती. पौल म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आमच्या बाजूला उघडलेलं कोठारही नव्हतं.

मंडळीच्या इतिहासात हा वाद पुन्हा पुन्हा पेटला. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणाला, माणूस मनावर घेईल तर चांगला वागू शकतो. बिशप ऑगस्टिननं उत्तर दिलं, मनावर घेण्याची ताकदसुद्धा देवच देतो. ऑगस्टिनचं म्हणणं मुख्यतः टिकलं. 529 मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेनं विश्वासाची सुरुवातही कृपेनंच होते असं ठरवलं. हजारएक वर्षांनी, 1517 मध्ये, पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं विकली जात होती त्याविरुद्ध ल्यूथर उभा राहिला. पण तो पेटला होता तो आधीपासून, मठात, याच भीतीनं की मी कधीच पुरेसा ठरणार नाही.

इथं माझ्या प्रॉटेस्टंट भावंडांना एक सांगते. कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळतं असं मानतात, हे आपण सर्रास बोलतो, आणि ते चूक आहे. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेनं 1547 मध्ये जो ठराव केला त्यातला पहिलाच नियम असा, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकत नाही. भेद पुढे आहे. नीतिमान ठरणं म्हणजे न्यायाधीशानं निर्दोष असा निकाल देणं, की माणूस आतून बदलत जाणं? ल्यूथरचा भर पहिल्यावर, ट्रेंटनं दोन्ही एकत्र धरलं. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की आमच्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आम्हाला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. 2006 मध्ये मेथडिस्ट पंथही त्यात आला. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण चारशे ऐंशी वर्षांनी एवढं एका कागदावर आलं याचं मला फार मोल वाटतं.

आता खरा अवघड भाग. मिळालेलं तारण हातचं जाऊ शकतं का?

त्या मुलाला मी उत्तर दिलं ते विसाराचं. पौल पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हणतो, इफिसकरांच्या पहिल्या अध्यायात. मराठी भाषांतरकारांनी हा शब्द अचूक निवडला. प्लॉटचा सौदा ठरला की घेणारा आधी विसार देतो, विसारपावती होते. गहाणात आपण काहीतरी नेऊन ठेवतो. विसारात समोरचा आपल्या हातावर ठेवतो. म्हणजे पाटी चुकीची वाचली होती. आपण देवाकडे काही ठेवलेलं नाही, त्यानं आपल्याला विसार दिला आहे, आणि विसार देणारा फिरला तर बुडतो त्याचाच पैसा. मुलाच्या वडिलांचा प्लॉटचाच धंदा. त्यानं लगेच विचारलं, "बाई, आणि विकणारा फिरला तर?"

हाच प्रश्न, म्हणजे आपणच फिरलो तर काय, 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेपुढे होता. डच धर्मपंडित अर्मिनियसच्या अनुयायांचं म्हणणं असं, की कृपा नाकारता येते, आणि खरा विश्वासणाराही विश्वास टाकून देऊ शकतो का, हे शास्त्रातून नीट तपासायला हवं. सभेनं निर्णय दिला तो धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेनं: देवानं ज्यांना निवडलं त्यांना तो शेवटपर्यंत राखतो. पडतील, रडतील, पण कायमचे सुटणार नाहीत. पुढे इंग्लंडात मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली यानं दुसरी बाजू धरली. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत त्याला स्वतःच्या तारणाची खात्री पटली, तरी तो शिकवत राहिला की पुत्र घर सोडून जाऊ शकतो. कॅथलिक शिकवणीत गंभीर पापानं कृपा हातची जाते आणि पापनिवेदनाच्या संस्कारानं परत मिळते, आणि देवानं खास प्रकट केल्याशिवाय मी शेवटपर्यंत टिकेनच असं कुणी छातीठोक म्हणू नये.

सोलापुरात हे सगळं एकाच गल्लीत भेटतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांचे वारस, म्हणजे कॅल्विनकडचे. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्टांमधले काही, सगळे एका छताखाली आले. तेव्हा शेजारच्या बाकावरची बाई वेगळं उत्तर देते म्हणून ती खोट्या शिकवणीची ठरत नाही.

आपल्या देशाला हा वाद परका नाही. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत दोन शाखा आहेत. वडकलै म्हणतात, भक्त माकडिणीच्या पिलासारखा असतो, आई उडी मारते पण पिलानं पोटाला घट्ट धरायला हवं. तेंकलै म्हणतात, मांजरीच्या पिलासारखा, आईच तोंडात धरून नेते. वर्गातल्या तेलुगू घरच्या मुलींनी हे आजोबांकडून ऐकलं होतं. कॅल्विन मांजरीकडचा, हे सरळ आहे. वेस्लीला मात्र माकडाकडचा म्हणताना जपायला हवं, कारण त्याच्या मते पिलाच्या बोटांतली ताकदसुद्धा आधी धावून आलेल्या कृपेचीच.

इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय कुणीही गुळगुळीत करू नये. एकदा प्रकाश मिळालेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले लोक मागे फिरले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं तिथं लिहिलं आहे. कॅल्विनकडचे म्हणतात, ते लोक मुळात खरे नव्हते. वेस्लीकडचे म्हणतात, खरे होते आणि गेले. मी वीस वर्षं हा अध्याय वाचते आहे आणि मला तो विहिरीच्या कठड्यासारखा वाटतो. कठडा असतो तो कुणी पडू नये म्हणून. ज्याला "मी देवापासून सुटलो तर?" या भीतीनं झोप लागत नाही, त्याच्यासाठी तो अध्याय नाहीच. तो त्याच्यासाठी आहे ज्याला ही भीती कधी शिवतच नाही. येशूचा शिष्य पेत्र यानं तीनदा त्याची ओळख नाकारली. येशूनं त्याला आधीच सांगितलं होतं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. पेत्र टिकला तो स्वतःच्या पकडीवर नव्हे.

खात्री यायला वेळ लागतो, हेही पोरांना सांगायला हवं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथं झाला. पण त्यांनीच पुढे लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठएक वर्षं गेली. इतकी शास्त्रं जाणणारी, इतकी कामं केलेली बाई, तिलाही कमाई बाजूला ठेवून रिकाम्या हातांनी उभं राहावं लागलं. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळात आणलेल्या शेकडो मुली, मराठी बायबलचं भाषांतर, हे त्यानंतरचं. पुण्याला जाताना गाडी केडगावला थांबते तेव्हा मला दर वेळी इफिसकरांची दहावी ओवी आठवते.

आजी गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी तिच्या उशाशी बसले होते. हात अजून हवेत बिडी वळल्यासारखे हलायचे. एकदम म्हणाली, "पोरी, कमी तर नाही ना भरणार?" मला वाटलं बिड्यांचं बोलतेय. ती बिड्यांचं बोलत नव्हती. मी योहानाचा दहावा अध्याय काढला, सत्ताविसावी ओवी. माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात, मी त्यांना ओळखतो. त्यांचा कधीही नाश होणार नाही, माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकून घेणार नाही.

"हात कुणाचा म्हणालीस?"

"त्याचा, आजी."

"परत वाच."

मी सत्ताविसावीपासून पुन्हा वाचायला लागले.